वेंगनचं लाकडी घर, शनिवार ते शनिवार

शुक्रवार, मुलुंड

"सात दिवस एकाच घरात? मग बघणार काय तुम्ही?" सोसायटीत मला हे निदान सहा जणांनी विचारलं. त्यांचंही चूक नाही. आपल्याकडे युरोप म्हणजे बारा दिवसांत सात देश, सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर, आणि बसमध्ये उपमा. तसा युरोप आम्ही आठ वर्षांपूर्वी केलाय. त्यातलं मला ठळक आठवतं ते बसच्या खिडकीतून दिसलेलं बरंच काही आणि स्वच्छतागृहांसाठी जपून ठेवलेली नाणी. त्यामुळे म्युनिकला शिकणारी आमची लेक जेव्हा म्हणाली, "या वेळी एकच गाव, एकच घर, आणि तुम्ही दोघं स्कीइंग शिकायचं," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. नवरा म्हणाला, "माझे गुडघे बावन्न वर्षांचे आहेत." लेक म्हणाली, "बाबा, तिथे ऐंशीचे लोक घसरतात."

गाव ठरलं वेंगन, स्वित्झर्लंडच्या बर्नीज ओबरलांड भागातलं. शॅले, म्हणजे डोंगरातलं लाकडी घर, भाड्याने घ्यायचं तर हिशेब आठवड्याचा: शनिवारी दुपारी ताबा, पुढच्या शनिवारी सकाळी घर रिकामं. बरोबर सासूबाईही, वय चौऱ्याहत्तर. त्यांना स्की करायची नव्हती, पण नातीच्या हातचं खायचं होतं. (ते शेवटी झालं नाहीच. सगळा आठवडा नातीने आजीच्या हातचं खाल्लं.)

बॅगा भरताना वाद झाला तो तुपावरून. युरोपबाहेरून स्वित्झर्लंडमध्ये जाताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. लेकीने फोनवर हे तीनदा सांगितलं. आईंनी बरणी बॅगेतून काढून परत फडताळात ठेवली, पण आवाज करून ठेवली. मग मी लाडवांचा विषयच काढला नाही. भडंग, मेतकूट, गोडा मसाला, तांदूळ, मुगाची डाळ आणि तीन लिटरचा कुकर. पलीकडच्या विंगमधून दोन जाड जॅकेटं उसनी मिळाली, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास होता. बाहेर चौतीस अंश असताना लोकरी मोजे घालून बघणं हा काय प्रकार आहे ते ज्याने केलंय त्यालाच कळेल.

शनिवार

झुरिकला विमान पहाटे उतरलं. लेक विमानतळावरच भेटली. तिथून सगळा प्रवास आगगाडीचा: बर्न, मग थुनच्या तळ्याकाठाने इंटरलाकेन ओस्ट. आम्ही मुंबईच्या सवयीने प्रत्येक स्टेशनाच्या पाच मिनिटं आधी बॅगा घेऊन दारात. लेक म्हणाली, "बसा हो, इथे कोणी ढकलत नाही."

इंटरलाकेनला मात्र सावध राहावं लागतं. तिथून वर जाणारी गाडी त्स्वायल्युत्शिनन नावाच्या छोट्या स्टेशनावर मधोमध सुटते. अर्धे डबे ग्रिंडेलवाल्डला, अर्धे लाउटरब्रुननला. कल्याणला गाडी उभी राहिली आणि पुढचे सहा डबे कसाऱ्याला, मागचे सहा कर्जतला निघून गेले, अशी कल्पना करा. मी तीन वेळा उतरून डब्यावरची पाटी वाचून आले. चौथ्यांदा नवऱ्याने हात धरून बसवलं.

लाउटरब्रुननची उंची ७९६ मीटर, म्हणजे जवळपास आपल्या माथेरानइतकीच. आणि गंमत अशी की माथेरान जिथे संपतं तिथे आमची खरी चढण सुरू झाली. तिथून वेंगनला रस्ताच नाही. वेंगन हे मोटारी नसलेलं गाव. वर जायला १८९३पासून धावणारी दातेरी रुळांची छोटी गाडी. दोन रुळांच्या मध्ये दाते असलेली लोखंडी पट्टी, आणि गाडीखालचं चाक त्या दात्यांत अडकत अडकत चढतं. नेरळची गाडी १९०७ची, तिला असे दाते नाहीत. ती बिचारी वळणं घेत घेत डोंगर चढते. ही सरळ छातीवरच चढते. चौदा-पंधरा मिनिटांत आपण पावणेपाचशे मीटर वर, १२७४ मीटरवर.

वेंगनच्या स्टेशनाबाहेर घोडेवाले नव्हते आणि हातरिक्षाही नव्हत्या, एवढाच फरक. सामानाला विजेवर चालणाऱ्या चिमुकल्या गाड्या, आणि लहान मुलांना लाकडी स्लेजवर बसवून दोरीने ओढत नेणारे आईबाप. बर्फ रस्त्यावर दाबून दाबून काचेसारखा झालेला. आईंच्या बुटांना आम्ही खाली रबराचे खिळेवाले पट्टे चढवले. पाचवारी, आत दोन थर्मल, वर जॅकेट, डोक्याला माकडटोपी. त्यांनी माझा हात एकदाही धरला नाही. मीच त्यांचा धरला होता.

शॅले स्टेशनापासून दहा मिनिटांवर. खालच्या मजल्यावर घरमालकीण बाई राहतात, सत्तरीच्या असाव्यात. वरचे दोन मजले भाड्याने. उन्हाने काळपट झालेलं लाकूड, पुढे आलेलं रुंद छप्पर, दर्शनी भिंतीवर कोरलेलं घराचं साल आणि त्याखाली जुन्या जर्मन लिपीतली प्रार्थनेची ओळ. बाहेरून लाकडी जिना, सगळ्या मजल्यांना लाकडी कठडा. आई जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबल्या. त्यांचं माहेर गिरगावातलं. "ही तर आमची चाळ," त्या म्हणाल्या. रात्री पाय टाकला की फळ्या करकरायच्या, तेव्हाही त्यांनी अंधारात तेच ऐकवलं: "बघ, दुसऱ्या मजल्यावरचे जोशी उठले."

बाईंनी घर दाखवलं ते परीक्षा घेतल्यासारखं. बूट खाली, ओल्या बुटांसाठी गरम हवेची नळी असलेली वेगळी खोली. कचरा फक्त गावाच्या ठरलेल्या पिशवीत. ती पिशवी विकत घ्यायची, म्हणजे जितका कचरा तितके पैसे. काच वेगळी, कागद वेगळा. रात्री दहानंतर आवाज नाही. डबलबेडवर एक मोठं पांघरूण नाही, दोन वेगवेगळी पिसांची. लग्नाला सव्वीस वर्षं झालेल्यांसाठी याहून शहाणी व्यवस्था मी पाहिली नाही.

रविवार

सकाळी पडदा सरकवला आणि समोर युंगफ्राउ. ४१५८ मीटर. फोटोत जशी दिसते तशीच दिसते. त्यावर मला जास्त सांगता येत नाही, कारण सांगायला गेलं की ते कॅलेंडरसारखं होतं.

सांगण्यासारखं आहे ते स्कीच्या दुकानातलं. भाड्याच्या स्की घ्यायला गेलं की तिथला मुलगा उंची, वजन, वय आणि 'आधी कधी केलंय का' विचारतो, बुटाच्या तळव्याची लांबी मिलिमीटरमध्ये बघतो, आणि त्यावरून बूट जिथे स्कीला अडकतो त्या पकडीचा आकडा स्क्रू फिरवून ठरवतो. पडलात की ठरावीक जोराला ती पकड आपोआप सुटली पाहिजे, नाहीतर पाय मोडतो. उलट आकडा कमी लावला तर नको तेव्हा सुटते.

"वजन?" मुलाने विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर," नवरा म्हणाला.

मी काही बोलले नाही. लेकही काही बोलली नाही. आमच्या बाथरूममधला काटा शहाऐंशी दाखवतो.

संध्याकाळी आई गॅलरीत शाल पांघरून बसल्या. दरीच्या पलीकडे, समोरच्या कड्यावर दिवे लागले. ते म्युरन. निघण्याआधी मी थोडं वाचून गेले होते. खांबांच्या मधून वळसे घेत उतरायची शर्यत, जिला स्लालम म्हणतात, ती आजच्या रूपात १९२२ साली त्या समोरच्या गावात सुरू केली आर्नल्ड लन या इंग्रजाने. आणि या गृहस्थांचा जन्म १८८८चा, मद्रासचा. वडील तिथे मिशनरी होते. आईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मद्रासच्या उकाड्याला कंटाळून इतक्या लांब आला म्हणायचा."

सोमवार

शिकायची जागा गावाच्या मधोमध, अंगणासारखी. हलका उतार आणि वर न्यायला सरकता पट्टा, मॉलमधल्यासारखा, फक्त बर्फावर. आमच्या वर्गात आम्ही दोघं, एक डच जोडपं आणि सहा-सात वर्षांची चार पोरं. पोरांना काठ्या दिल्या नव्हत्या. आम्हालाही नाही.

स्कीचा बूट हा बूट नाही, प्लास्टर आहे. चार बकलं लावली की घोटा हलतच नाही. आपण चालतो ते घोट्यावर, हे मला एकावन्नाव्या वर्षी कळलं. पहिला तास नुसतं आडवं चढायचं, पावलं एकाशेजारी एक, जिन्यासारखी. दुसरा तास पडून उठायला शिकण्याचा. दोन्ही स्की उताराला आडव्या केल्याशिवाय उठायला गेलं की स्की पळतात आणि आपण बसलेलेच त्यांच्या मागे. हे सांगून समजत नाही. मी पाच वेळा बसून समजून घेतलं.

मग थांबायला शिकवलं. टाचा बाहेर, बोटं आत, पुढे त्रिकोण. शिक्षक पोरांना ओरडून सांगायचा, "पिझ्झा! पिझ्झा!" म्हणजे पिझ्झाच्या तुकड्याचा आकार. आई कठड्यापाशी बाकावर बसून सगळं बघत होत्या. मी सुसाट त्यांच्याच दिशेने निघाले तेव्हा त्यांचा आवाज सगळ्या वेंगनने ऐकला असेल: "अगं समोसा कर! समोसा!"

समोसा झाला. त्या बाकापासून दोन हातांवर थांबले.

नवऱ्याचं मात्र काही खरं नव्हतं. तो पडायच्या आधीच त्याची स्की सुटायची. जरा वळायला जोर लावला की खट्. एक स्की पुढे निघालेली, दुसऱ्या स्कीवर हा. सहाव्यांदा झालं तेव्हा शिक्षकाने पकडीवरचा आकडा पाहिला, याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, "दुकानात वजन किती सांगितलं होतं?"

संध्याकाळी त्या दुकानात जाऊन माझ्या नवऱ्याने खरं वजन सांगितलं. दबक्या आवाजात, आयकर खात्याला सांगावं तसं.

मंगळवार

सकाळी जाग आली ती गरम वाऱ्याने. खिडक्या थरथरत होत्या, छपरावरचा बर्फ धपाधप खाली पडत होता, आकाश मात्र निळंशार, आणि युंगफ्राउ इतकी जवळ की हात लावावा. वरच्या सगळ्या लिफ्ट बंद. याला फ्योन म्हणतात. दक्षिणेकडून हवा आल्प्सवर चढते, चढताना तिकडेच पाऊस-बर्फ पाडते, आणि या बाजूला कोरडी होऊन उतरते. उतरताना दर शंभर मीटरला साधारण एक अंश तापते. आपल्याकडे महाबळेश्वरला कोसळतो आणि पुढे माणदेशात ढग नुसते दर्शन देऊन जातात, त्याच्याच जातकुळीतलं. फक्त इथे त्या कोरड्या वाऱ्याला लोक घाबरून असतात. सगळी घरं लाकडी. पलीकडचं ग्रिंडेलवाल्ड १८९२मध्ये असल्याच वाऱ्यात जळालं होतं.

घरात बसायचं. आईंना हवं तेच मिळालं. चार दिवस वरणभातावर तूप नाही, हा सल होताच. त्यांनी नातीला दुकानात धाडलं आणि लोण्याच्या पाव पाव किलोच्या चार वड्या आणवल्या. जाड बुडाचं भांडं शोधताना त्यांना कपाटात फोंड्यूचं बिडाचं भांडं सापडलं, आतून पांढरं, मुठीचं. "हे बरंय," त्या म्हणाल्या. चीज वितळवायच्या भांड्यात तूप कढवायचं की नाही, याची कोणाला परवानगी विचारायची असते, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

तिथली शेगडी म्हणजे सपाट काळी काच. ज्योत नाही. आई वाकून वाकून ज्योत शोधत होत्या. लोणी वितळलं, पिवळंधमक झालं, मग फेस आला, मग तो तडतड आवाज सुरू झाला जो मुलुंडला दर पंधरा दिवसांनी असतो. आई आवाजावरच असतात. लोण्यातलं पाणी उडून जाईपर्यंत तडतड, आणि ती थांबली की झालं. इथे तडतड थांबली, आईंनी बटण बंद केलं आणि निवांत झाल्या. पण काच गरमच. तूप आतल्या आत रंग बदलत राहिलं. भांडं उचलेपर्यंत बदामीचं तांबूस झालं होतं. "शेगडी लबाड आहे," आई म्हणाल्या. "विड्याचं पान असतं तर घातलं असतं, वास तरी सावरला असता."

वास कुठला सावरतोय. तो जिन्यावरून खाली गेला, आणि दारावर टकटक झाली. घरमालकीण बाई. मला पहिल्यांदा कचऱ्याची पिशवी आठवली, मग रात्री दहाचा नियम, मग फोंड्यूचं भांडं. बाई काही न बोलता सरळ शेगडीपाशी गेल्या, भांड्यात डोकावल्या, आणि त्यांच्या तोंडून एकच शब्द आला: "आंके!"

लेकीने दुभाषाचं काम केलं. आंके म्हणजे त्यांच्या बर्नी बोलीत लोणी. बाईंची आजी अस्सं कढवायची. उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर गुरं असायची, तिथलं लोणी खाली आलं की कढवून मातीच्या भांड्यांत भरून हिवाळ्यासाठी ठेवायचं. आता दुकानात ब्राटबुटर नावाने तयार मिळतं, त्यात बटाट्याची र्‍योष्टी परततात, आणि घरी कोणी करत नाही. बाईंना वास ओळखीचा वाटला म्हणून वर आल्या होत्या.

पुढचा अर्धा तास आम्ही तिघं बाजूला झालो. आईंनी तूप गाळून बुडाशी राहिलेली बेरी साखर घालून बशीत काढली आणि बाईंपुढे सरकवली. एक मराठी बोलत होती, एक बर्नी जर्मन, आणि दोघींनाही लेकीची गरज उरली नव्हती. बाईंनी बेरी खाल्ली, चमचा चाटला, बोटाने बशी पुसली. आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघ. फेकायची नसते हे तिलाही माहितीय." गेल्या महिन्यात मी बेरी फेकली होती. आता तीही गोष्ट निघाली.

बुधवार, गुरुवार

बुधवारी वारा पडला. नवऱ्याची स्की सुटली नाही. दुपारपर्यंत मी निळ्या वाटेवरून सलग खाली आले. इथे वाटांना रंग असतात, सोपी निळी, मग लाल, मग काळी. माझी निळीसुद्धा इतकी सावकाश की एका पोराने मागून येऊन मला वळसा घातला आणि 'सॉरी' म्हणाला.

गुरुवारी चौघंही दातेरी गाडीने क्लाइने शायडेगला, २०६१ मीटरवर. डब्यात स्की घेतलेली माणसं उभी, अगदी आपली सकाळची साडेआठची लोकल, फक्त कोणी भांडत नाही. १९२५ साली इथे आलेल्या इंग्रजांनी वेंगनमध्ये एक क्लबच काढला, 'डाउन हिल ओन्ली' नावाचा. वर जायला आगगाडी, आपण फक्त खाली घसरायचं. हे मला फार पटलं. वाटेत लेकीने खिडकीतून लाउबरहॉर्नच्या शर्यतीची वाट दाखवली. १९३०पासून दर जानेवारीत होते, साधारण साडेचार किलोमीटरचा उतार, एके ठिकाणी रेल्वेच्या खालून जातो. १९९७मध्ये क्रिस्तियान गेदिना या इटालियनाने तो २ मिनिटं २४.२३ सेकंदांत पार केला. वेग ताशी १६०च्या पुढेही जातो. मला मुलुंडहून घाटकोपरला जायला लागणारा वेळ आठवला.

शायडेगला आयगर शिखराची उत्तर भिंत अंगावर येते. ऊन नाहीच तिथे, नुसता काळा खडक आणि बर्फाच्या रेघा. ती सर व्हायला १९३८ साल उजाडलं, आणि त्याआधी बऱ्याच जणांचा जीव गेला. त्याच आयगरच्या आणि शेजारच्या म्योंखच्या पोटातून बोगदा काढून युंगफ्राउयोखची गाडी जाते, ३४५४ मीटरवर. सोळा वर्षं काम चाललं, १९१२ला स्टेशन उघडलं. ती गाडी समोरच्या फलाटावर उभी होती, आणि तिच्यात चढणारी निम्मी माणसं आपली. एका घोळक्यातून "ए, थेपले कुणाकडे आहेत?" ऐकू आलं.

नवऱ्याने तिकिटाचा दर पाहिला. मग आईंकडे पाहिलं. "आई, जायचं का गं वर?"

"वर काय आहे?"

"बर्फ."

आईंनी चारी बाजूंना नजर फिरवली. "मग हे काय आहे?"

तर आम्ही युंगफ्राउयोखला गेलो नाही. शायडेगला उन्हात बसून र्‍योष्टी खाल्ली आणि पुढची गाडी धरून घरी आलो. मुलुंडमध्ये हे आजवर कोणालाही पटलेलं नाही. "तिथपर्यंत जाऊन?" असा एक सूर असतो, तो आता मला पाठ झालाय.

शुक्रवार

दिवसभर हलका बर्फ. नवरा आणि लेक लाल वाट करून आले. नवरा दोनदा पडला, आणि दोन्ही वेळा स्की जेव्हा सुटायला हवी तेव्हाच सुटली, हे त्याने जेवताना तीनदा सांगितलं. मी गेले नाही. आईंबरोबर गॅलरीत बसून मेतकूट-भात खाल्ला, वर तांबूस तूप. मांडीवर पिसांचं पांघरूण. समोर काही दिसत नव्हतं, नुसतं पांढरं, आणि मधूनच दातेरी गाडीचा घरघर आवाज.

शनिवार

सकाळी नऊला ताबा द्यायचा. आम्ही सहापासून घर पुसत होतो. फोंड्यूचं भांडं आईंनी मीठ-लिंबाने घासून होतं त्याहून लख्ख केलं. बाई यादी घेऊन आल्या, पेले मोजले, चमचे मोजले, एक चमचा कमी निघाला. आमची तोंडं उतरली. बाईंनी यादीवर काहीतरी खोडलं. तो चमचा मंगळवारी बेरीच्या बशीबरोबर त्याच खाली घेऊन गेल्या होत्या.

उरलेलं तूप जॅमच्या रिकाम्या बरणीत भरून आईंनी त्यांना दिलं. स्टेशनापर्यंत बाई सोडायला आल्या. आईंच्या हाताला धरून. आईंनी त्यांचा हात धरू दिला.

घरी आल्यावर पंधरा दिवसांनी लेकीचा फोन. बाईंनी तिला निरोप धाडला होता. त्यांनी स्वतः लोणी कढवून पाहिलं, दोनदा, आणि दोन्ही वेळा करपलं. नेमकं कधी बंद करायचं ते आजींना विचारून सांग.

आई तेव्हा ओट्यापाशीच होत्या. गॅसवर कढई, तडतड चालू. त्यांनी फोन कढईजवळ धरला, जरा वेळ तसाच ठेवला, आणि मग म्हणाल्या, "ऐकलंस ना? तिला म्हणावं, हा आवाज थांबायच्या आधीच बंद कर. तुझी शेगडी लबाड आहे."